डब्याच्या बुडावरचं वजन

आमच्या रेल्वे क्वार्टरसमोर कचऱ्याची गाडी आली की शेजारपाजारचे रोज बादल्या घेऊन पळतात. मी आठवड्यातून दोनदा जाते, तेही रमतगमत. ही बढाई आहे आणि ती मी मारणारच. ओला कचरा माझ्या कुंड्यांमध्ये जिरतो. सुका घरात येतच नाही, कारण पिशव्या आणि पुडे मी दुकानातच सोडून येते.

नवऱ्याची बदली अकोल्याहून जयपूरला झाली, तेव्हापासूनची ही सवय. बाजारात निघताना माझ्या खांद्यावर जुन्या सुती साडीची पिशवी असते आणि पिशवीत स्टीलचे डबे. दही, पनीर, नमकीन, सगळं डब्यात. सुरुवातीला दुकानदार वैतागायचे. आधी रिकामा डबा तोलायचा, मग भरलेला, तोवर मागची गिऱ्हाइकं खोळंबलेली. मग एका दुपारी मी घरातले सगळे डबे तोलले आणि प्रत्येकाच्या बुडावर लाल नेलपॉलिशने त्याचं वजन लिहून टाकलं.

डेअरीवाले भैया हसले. "वाह मैडम, आप जो लिख लाओगी, वही मान लें?"

"तोल लो," मी म्हटलं.

त्यांनी तोललं. एका ग्रॅमचाही फरक निघाला नाही. त्या दिवसापासून ते डबा उलटा करतात, आकडा वाचतात आणि दही भरायला घेतात.

लेकीला मात्र माझ्या या मिरवण्याची लाज वाटायची. नववीत गेल्यापासून ती बाजारात माझ्या मागून दहा पावलं अंतर ठेवून चालायला लागली. मी डबा उलटा करून दाखवला की ही शेजारच्या दुकानातल्या बांगड्या बघत उभी. एकदा म्हणाली, "आई, मतलब, सगळे बघतात. तुला काहीच नाही वाटत?"

वाटलं ना. डब्यांचं काही नाही, पण पोटची पोर आपल्याला ओळख दाखवत नाही, याचं फार वाईट वाटलं.

अकरावीला ती गोपालपुऱ्यात कोचिंगला जायला लागली, तेव्हा तिने बजावूनच ठेवलं, "क्लासपाशी ते डबे-पिशव्या घेऊन येऊ नको हं." मी बरं म्हटलं. त्या संध्याकाळच्या पोळ्या जरा जास्तच करपल्या.

पुढे काही महिन्यांनी माझा एक डबा हरवला. लहानसा, घट्ट झाकणाचा. मी तडक डेअरी गाठली आणि आमचा डबा तुमच्याकडेच राहिलाय म्हणून भैयांशी कडाकडा भांडले. ते बिचारे मागची सगळी फळी उपसून दाखवत होते. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "कायले भांडली त्याच्याशी एका डब्यापायी?" मी त्याच्यावरही डाफरले.

त्यानंतर दोन दिवसांनी लेक क्लासचं ओळखपत्र घरीच विसरली. त्याशिवाय आत सोडत नाहीत, असा तिचा फोन आला. मी नुसती पिशवी घेऊन भाजीला निघालेच होते, तशीच बसमध्ये बसले. उतरल्यावर लक्षात आलं की पिशवी खांद्यावरच आहे. आता ही चिडणार. मी पिशवीची घडी केली, पाठीमागे धरली आणि तिला शोधत निघाले.

ती क्लाससमोरच्या नमकीनच्या दुकानात होती, तीन-चार मैत्रिणींच्या घोळक्यात. दुकानदार पॉलिथिनची पिशवी फुंकून उघडत होता. माझ्या लेकीने दप्तरातून डबा काढला, उलटा केला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"भैया, पन्नी नहीं. इसमें दो. डब्बे का वजन नीचे लिखा है, घटा देना."

लाल आकडा मला लांबूनही ओळखू आला.

"ये किसने लिखा?" एका मैत्रिणीने विचारलं.

"मेरी आई ने," ती म्हणाली. "घर के हर डब्बे पर है. चाहे तो तोल के देख लो."

मी दहा पावलांवर उभी होते. डोळे भरून आले, पुढचं नीट दिसेना. तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि धावत आली. ओळखपत्र घेतलं, मग माझ्या पाठीमागे डोकावली.

"लपवते काय? दे ना ती." तिने पिशवी ओढून घेतली, डबा त्यात टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि सगळ्या मैत्रिणींदेखत क्लासात गेली.

परतताना मी डेअरीवर उतरले आणि भैयांची माफी मागितली. माफी मागणं मला मुळीच जमत नाही, पण मागितली. बाहेरच्या ठेल्यावर ताजी वांगी होती. भाजीवाल्याने पॉलिथिन पुढे केलं, तशी मी ओढणी पसरली.

"आज थैला कहाँ गया, मैडम?" भैयांनी आतून विचारलं.

"बेटी ले गई," मी सांगितलं. रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.