अनिलच्या शोकसभेतली कॅसेट

मंडळी, आज सकाळी साडेदहाला सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या धाकट्या भावाची, अनिलची, शोकसभा होती. "भजन नको, माझी कॅसेट लावा," असं त्यानंच सांगून ठेवलं होतं.

त्याच्या रॉक बँडचा हा एकुलता एक अल्बम. फारसा कुणी ऐकला नाही. गिटार दणदणीत, पण चाली इतक्या गोड की आपण नकळत गुणगुणू लागतो.

दुसरं गाणं निम्म्यावर असताना सेक्रेटरींनी बटण दाबलं.

"अहो ताई, माणूस गेलाय. हा धांगडधिंगा शोभतो का?"

"जो गेलाय तोच गातोय," मी म्हटलं.

त्यांनी मोबाइलवर भजन लावलं. सगळ्यांनी निमूट हात जोडले.

सेक्रेटरीसाहेब, स्वतःच्या शोकसभेत गायला माणसाला कुणाची परवानगी लागते, हे रविवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवा.