वारा घरांकडे वळला तेव्हा

आमच्या नंदनवन वस्तीच्या मैदानावर रविवारी एक बाई मुलांना मॉडेल रॉकेट शिकवतात. नळी, पंख, पॅराशूट असा एकेक भाग हाती देऊन विचारतात, "हा नसला तर काय होईन?" आणि उत्तर आल्याशिवाय पुढचा भाग देत नाहीत.

परवा माझ्या मुलीचं रॉकेट उडणार, तेवढ्यात वारा वळला. बाईंनी रॉकेट पेटवायच्या बटणाची किल्ली काढून घेतली.

"मॅडम, एवढे लोक आले, उडवून टाका ना," एक गृहस्थ म्हणाले.

"वारा घरांकडे जाऊन राहिला, भाऊ. आज नाही."

मुलगी रडवेली झाली. बाई तिला म्हणाल्या, "चाल वं, तूच रॉकेट हो. इंजिन पेटलं, पळ. विझलं, तरी वेगानं जात राह्य. आता थांब. पॅराशूट."

त्यांनी आपली ओढणी तिच्या डोक्यावर पसरली. दुसरं टोक त्या गृहस्थांनी धरलं आणि मुलगी हसत, अगदी सावकाश खाली बसली.