देवचंदची बिनमातीची वांगी

देवचंद कचेरीत आवक-जावक लिहायचा आणि घरी आला की शास्त्रज्ञ व्हायचा. हे त्याच्या बायकोचं, द्रौपदाबाईचं मत, आणि लग्नाच्या बावीस वर्षांत तिनं ते कुणापासून लपवलं नव्हतं. आधी गांडुळं पाळून झाली होती. मग पलंगाखाली अळिंबी लावली, तिच्या वासानं घरमालकीण भांडायला आली. त्र्याण्णव साली कुठल्याशा मासिकात वाचून त्यानं नवं खूळ घेतलं, मातीशिवाय झाड.

जळगावच्या त्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीतल्या खिडकीशी, त्यानं रंगाची रिकामी बादली मांडली. झाकणाला भोक पाडून खडी भरलेलं डबडं बसवलं. खडीत भरताच्या वांग्याचं रोप, मुळं खाली खत घातलेल्या पाण्यात. शिवाय माशांच्या पेटीला लावतात तो हवेचा पंप, दिवसभर कुरकुरणारा. पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही. बरंच झालं म्हणा, या खुळापायी द्रौपदाबाईला त्यांना दाखवायला तोंड होतं कुठं?

एवढ्यावर भागलं असतं तर द्रौपदाबाई हसून मोकळी झाली असती. पण असोद्याला बापानं तिच्या नावावर करून दिलेलं दीड एकर काळं वावर होतं, आणि देवचंदचा डोळा त्यावर गेला. वावर विकायचं, शेड बांधायची, शेडमध्ये अशा दोनशे बादल्या मांडायच्या. रोज जेवताना हेच पुराण.

"माती आता जुनी झाली," तो म्हणाला.

"या बादलीतलं वांगं मले भाजून खाऊ घाला, लगेच सही करते," ती म्हणाली. हा माणूस कढीपत्ता जगवणार नाही, आपल्याला कशाची भीती?

तिचा अंदाज चुकला नाही. खताच्या पुडीवर चमचाभर असं लिहिलं होतं. पण देवचंद पडला शेतकऱ्याच्या पोटचा. चमच्यानं औषध पाजतात, खत कुठं चमच्यानं देतात? त्यानं मूठभर टाकलं, वर अर्धी मूठ खुशीची. बादली काठोकाठ भरली. वीज गेली की पंप बंद, आणि मुळं बुडालेली. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या, बादलीला वास सुटला. देवचंद मासिक उघडून बसला.

झाड मरत होतं म्हणजे तिचं वावर वाचत होतं. दोन दिवस तिनं तोंड फिरवून काढले. तिसऱ्या दिवशी, तो कचेरीत गेल्यावर, स्वतःलाच शिव्या घालत तिनं ते पाणी मोरीत ओतलं. पाणी तुंबलं की कपाशी कशी पिवळी पडते ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. तिनं बादली अर्धीच भरली, वरची मुळं हवेत ठेवली, चिमूटभर खत टाकलं. मग दर आठवड्याला हेच.

झाड उठलं. तीन वांगी धरली, हिरवी, पांढऱ्या रेघांची. देवचंदची छाती फुगली. त्यानं मेहुण्याला, हिलालला, असोद्याहून बोलावलं. भरीत झालं, जेवणं झाली, आणि त्यानं वावर विकायचा कागद सहीसाठी तिच्यापुढं सरकवला.

द्रौपदाबाईनं भावासमोर सगळं सांगून टाकलं. मोरीत ओतलेलं पाणी, अर्धी बादली, चिमूटभर खत.

"कायले खोटं बोलते?" देवचंद म्हणाला.

"बरं, मी खोटी. दुसरं रोप लावा, तुमचं तुम्ही. ते जगलं तर हिलालदेखत सही करते."

त्यानं लावलं. मूठ तीच, काठोकाठ पाणी तेच. पहिलं पान करपलं तेव्हा द्रौपदाबाई बादलीपाशी येऊन उभी राहिली. झाडाचा काय गुन्हा? येता-जाता तिचे हात शिवशिवायचे. अकराव्या दिवशी रोप आडवं पडलं, तिनं हात लावला नाही. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि का जेवली नाही हे विचारायचं देवचंदला सुचलंसुद्धा नाही.