बर्फावरचं ऊन पाणी

लोटन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो. त्याचा मुलगा युवराज फाटकातूनच म्हणाला, "भटूबाबा, आप्पा गया." अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी चार घरं पलीकडे गेलो आणि त्याच्या पायाशी बसून रडलो. माझ्या सख्ख्या भावासाठीही मी इतका रडलो नव्हतो. त्या दिवशी मला काही माहीत नव्हतं... माहीत असतं तरी रडलो असतो का, हे मी स्वतःला रोज विचारतो.

आम्ही दोघं कोरीट गावचे. लोटन रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. माझी आई आमचं घर सारवायची तेव्हा तो आमच्याच ओट्यावर बसून बघायचा आणि तिच्याच हातची भाकर खायचा. मी चौथी शिकलो, तो सातवी. पुढे दोघंही सायकलीवर नंदुरबारला बर्फाच्या कारखान्यात जायला लागलो. पत्र्याचे लांब डबे पाण्यानं भरायचे, खाऱ्या थंड पाण्याच्या हौदात सोडायचे, बर्फाची लादी झाली की वर ओढायचे आणि डबा ऊन पाण्यात बुडवून लादी मोकळी करायची. आमच्या हाताची कातडी भर उन्हाळ्यात हिवाळ्यासारखी फाटलेली असायची. या कामात माझं एका गोष्टीकडे लक्ष गेलं होतं. ते डबे बुडवायचं ऊन पाणी थंड पाइपावर सांडलं आणि गोठलं, तर त्याचा बर्फ काचेसारखा व्हायचा. लादीच्या पोटात असतो तसा दुधासारखा पांढरा नाही. मी हे लोटनला दाखवलं होतं. तो म्हणाला होता, "दिखाले बेस शे, पन इकाले काय कामनं?"

मग सुरतेच्या एका शेठनं बंद हॉलमध्ये बर्फाची फरशी करून त्यावर लोकांना घसरत फिरवायचं काढलं. बर्फाची माणसं पाहिजेत म्हणून आम्हा दोघांना नेलं. आम्हाला वाटलं शेठचं डोकं फिरलं आहे. पण मुंबईहून आलेले इंजिनीअर साहेब चहा पिताना आम्हाला विलायतेच्या गोष्टी सांगायचे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिकडे कोणी तरी असा हॉल काढला, पण पाणी गोठवता येईना, म्हणून डुकराची चरबी आणि क्षार मिसळून फरशी केली. तिचा असा वास सुटायचा की लोक नाक धरून पळाले. पुढे दुसऱ्यानं तांब्याच्या नळ्या टाकून खरा बर्फ केला. नळ्यांच्या खाली कोरडी माती, गायीचे केस आणि लाकडाच्या फळ्या. भिंतीवर बर्फाच्या डोंगरांची चित्रं, वर वाजंत्र्यांना माडी. पण बर्फावरून धुकं उठायला लागलं आणि गिऱ्हाइकं रुसली. लोटन लगेच म्हणाला, "मंग साहेब, बरफले तडा गया तं ढोरना डाक्टर बलावतस का?" साहेबांच्या हातातला चहा सांडला. लोटन असाच होता. कुठंही बसवा, तिथला घरचाच होऊन जायचा. मला ते कधी जमलं नाही.

आमच्या हॉलमध्येही धुकं उठायचं, सुरतेची हवाच तशी दमट. पण खरी चूक आमची होती. आम्ही लादी करणारी माणसं. डबा भरावा तसं वीतभर पाणी एकदम सोडून दिलं. वरून गोठल्यासारखं दिसलं, पोटात पांढरं आणि भुसभुशीत राहिलं. माणूस उभा राहिला की कडाड करून तडा जायचा. तीनदा बर्फ फोडला, तीनदा पाणी भरलं. शेठ गुजरातीत शिव्या द्यायला लागला. चौथ्या वेळी मी म्हणालो, पाणी तापवा. सगळे हसले. लोटन म्हणाला, "भटू, तुन्हं डोकं फिरनं का रे? बरफवर ऊनं पानी?" मी हट्टाला पेटलो. कोपऱ्यातला एक तुकडा मागून घेतला. गोणपाट ऊन पाण्यात बुडवायचं, पिळायचं, आणि आई सारवायची तसा मागं मागं सरकत पातळ हात द्यायचा. तो सुकावा तसा गोठला की पुढचा हात. किती हात दिले ते मोजले नाहीत. पण शेवटी त्या तुकड्याखालच्या नळ्या तापीच्या नितळ पाण्यातल्या मासळीसारख्या दिसायला लागल्या. साहेब गुडघ्यावर बसले, बर्फावर हात फिरवला आणि विचारलं, "किसने किया?" लोटन पुढे होऊन बोलला, "भटूने. अकेले ने." त्या दिवशी लोटन खरं बोलला होता.

सगळी फरशी आम्ही दोघांनी तशीच सारवली. उद्घाटनाच्या दिवशी शेठनं सांगितलं, मोठी माणसं येणार आहेत, बर्फवाल्यांनी मागं मशीनजवळच थांबायचं. मी गोणपाट तिथंच टाकलं आणि लोटनला म्हणालो, चल घरी. तो म्हणाला, "तू व्हय पुढे, मी येस मांगून." मी पॅसेंजरनं नंदुरबारला आलो. तो तीन वर्षांनी आला, हॉल बंद पडून त्यात कापडाचं गोडाऊन झालं तेव्हा. निघून आलो हा माझा ताठा होता, तो राहिला ही त्याची मर्जी. त्यानंतरची सगळी वर्षं आम्ही दुपारी एकत्र बसलो, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात पंगती वाढल्या.

सुतक फिटलं, त्या गंधमुक्तीच्या दिवशी मंडपात श्रद्धांजलीची भाषणं झाली. रिटायर हेडमास्तर एक नवं कोरं पुस्तक घेऊन उभे राहिले. देशातल्या बर्फाच्या जुन्या हॉलांचा इतिहास जमवणाऱ्या कोणी बाई मागच्या वर्षी लोटनकडे येऊन गेल्या होत्या म्हणे. चार घरं पलीकडे मी होतो. मला हाक मारली नाही. हेडमास्तरांनी लोटनचं बोलणं वाचलं. "बर्फावर गरम पाण्याचा हात द्यायची युक्ती मला माझ्या आईच्या सारवणातून सुचली. माझ्या सोबत दुसरं कोणी नव्हतं."

माझ्या आईच्या सारवणातून... माझं नाव खाल्लं ते मी एक वेळ गिळलं असतं. आई पण नेली त्यानं.

मग हेडमास्तर म्हणाले, "भटूबाबा, तुम्ही तर बालमित्र. दोन शब्द बोला." मी माइक हातात घेतला. समोर लोटनची बायको, सुमनवहिनी, घराच्या भिंतीला टेकून बसलेली होती. "माणूस चांगला होता," एवढंच बोललो आणि बसलो.

मी मनाची समजूत घातली की तो विसरला असेल. शेवटी शेवटी तो नातवाला स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारायचा. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात कोणाची आई कोणाची होऊन जाते. या एका विचारावर मी तीन आठवडे काढले.

मग परवा वहिनीला भेटायला गेलो. तिनं पाणी आणलं. पेल्यात बर्फाचा खडा होता. नितळ, आरपार. मी बघतच राहिलो.

"वहिनी, हाऊ बरफ कसा करा?"

"ऊनं पानी ठेवस ना फ्रीजमा. तेस्नीच शिकाडेल शे," ती म्हणाली. "दर खेपे म्हनेत, हाई भटूनी अक्कल शे, मन्ही नही. दवाखानामा जावाना दिन बी म्हनेत."

म्हणजे विसरला नव्हता. सगळं लख्ख आठवत होतं त्याला. बायकोजवळ माझं नाव, आणि छापायला सांगताना मात्र सोबत कोणी नव्हतं.

वहिनीला वाचता येत नाही, आणि मंडपातलं वाचन त्या दिवशी तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. तिनं विचारलं, "पुस्तकमा व्हईच ना तुम्हनं नाव?" मी खोटं बोलू शकलो असतो. "नही वहिनी," म्हणालो. तिनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याची बाजू घेतली नाही, मला समजावलंही नाही. रिकामा पेला उचलत म्हणाली, "मंग तुम्ही लिखा."

म्हणून लिहिलं. सुनेनं अक्षरं दुरुस्त केली, बाकी शब्द माझे. लोटन, तुझ्यावर मी रडलो ते मागे घेत नाही. पण माफही करत नाही.

वहिनी अजून रोज पाणी तापवते आणि फ्रीजच्या वरच्या खणात स्टीलची वाटी ठेवते. सवय आहे, सुटत नाही म्हणते. त्या वाटीपुरता लोटन खरं बोलत राहिला. चार घरं चालून तेच मला सांगायला मात्र त्याला येता आलं नाही.