सावली पुसण्याचं काम

त्या काळी मी सावल्या पुसत असे, आणि त्यासाठी रोज अण्णा नगरहून सिरुसेरीला कंपनीच्या बसनं जात असे. आमच्याकडे एक प्रोग्राम तयार होत होता. व्हिडिओत चालणारी माणसं बघून कोण कोणाबरोबर आहे, हे कॉम्प्युटरनं ओळखायचं. एकत्र असलेल्यांभोवती एक चौकट, सुट्या माणसाभोवती वेगळी. ऐकायला सोपं, पण चेन्नईचं ऊन मध्ये यायचं. कॉम्प्युटरला सावलीही माणूसच वाटायची. एकट्या बाईला तो खुशाल दोघी ठरवायचा. म्हणून चित्रातल्या सावल्या आधी काढून टाकाव्या लागत, आणि ते काम माझ्याकडे होतं. मला ते मनापासून आवडायचं. सावल्या गेल्या की चित्र घासलेल्या भांड्यासारखं लख्ख दिसे.

घरच्या बाबतीत मात्र तसं लख्ख काही नव्हतं. आईबाबा चेन्नईच्याच आवडी नावाच्या उपनगरात राहायचे. बाबा तिथल्या कारखान्यातून निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, तरी आमच्या मूळ गावी, नागपूरला न परतता त्यांनी जवळच्याच एका गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं. त्या वर्षी पोंगलनंतर आई अंगणात चक्कर येऊन पडली. हाड मोडलं नाही, पण तोल गेला तो गेलाच. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं. ती चालायची, आणि बाबा तिच्या पुढे चार पावलं, हात पाठीमागे बांधून. वळून बघणं नाही, हात देणं तर दूरच.

"बाबा, जरा बरोबरीनं चाला की तिच्या."

"येतेय ना ती मागून."

"आणि पडली तर?"

"नाही पडायची."

पालथ्या घड्यावर पाणी. माझा राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. मी जाहीर करून टाकलं, की आईला मी माझ्याकडे नेते, कायमची. बाबा घर सोडून येणार नाहीत हे मला माहीत होतं, तरीही म्हटलं. बाबांनी एवढंच विचारलं, "दिवसा तिच्याजवळ कोण असेल?" मी म्हटलं, बाई ठेवीन. आई म्हणाली, "तुम्ही दोघं काय ते ठरवा." पुढच्या पुढच्या रविवारी न्यायचं ठरलं.

मधल्या रविवारी मी ऑफिसचा कॅमेरा घेऊन आवडीला गेले. आमच्याकडे मॉलमधल्या माणसांचे व्हिडिओ ढिगानं होते, साध्या रस्त्यावरचे हवे होते. आईबाबांनाच घ्यायचं ठरवलं. ऑफिसचं काम म्हटल्यावर बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी गच्चीवरून त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत टिपलं.

सोमवारी ते प्रोग्रामला दिलं. दोन चौकटी उमटल्या. एक बाबांभोवती, एक आईभोवती, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

शेजारच्या टेबलावरची तमिळ मैत्रीण डोकावून म्हणाली, "अनोळखी आहेत का गं?"

"माझे आईबाबा आहेत. पस्तीस वर्षांचा संसार झालाय त्यांचा," मी म्हटलं.

ती आपल्या टेबलाकडे वळली. मला आधी बरं वाटलं, की बघा, मशीनलासुद्धा कळलं. आणि मग बाथरूममध्ये जाऊन मी चक्क रडले.

माझा प्रोग्राम सावल्या नीट काढतो की नाही, हे तपासायला मूळ व्हिडिओतल्या सावल्या हातानं रंगवून ठेवाव्या लागत. एकेक चित्र थांबवायचं आणि माउसनं सावलीची कड गिरवायची. गुरुवारी दिवसभर मी आईची सावली गिरवत बसले होते. गल्ली सरळ पश्चिमेला जाते, सकाळचं ऊन पाठीवर. आईची सावली लांब पुढे पडलेली, आणि सावलीचं डोकं नेमकं बाबांच्या उजव्या पायाशी. बाबांची मान खाली. एके ठिकाणी सावली थांबली. आईनं विजेच्या खांबाला हात टेकला होता. पुढच्या दोन-तीन चित्रांत बाबाही थांबले. चष्मा काढून पुसला. सावली हलली, तेव्हा चष्मा डोळ्यांवर गेला. मी पुढे बघितलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. कोण कोणाबरोबर आहे हे शोधायला निघालेली मी, आणि ते जिथं दिसत होतं तेवढंच नेमकं पुसून टाकत होते.

तरी शंका होतीच. ते सावलीकडेच बघत होते, की मान खाली घालून चालायची नुसती सवय? मला हवं तेच मी बघत नव्हते कशावरून? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर "काहीतरीच!" म्हणून उठून गेले असते.

न्यायच्या रविवारी सकाळी मी आवडीला पोचले. आईची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. "एवढं फिरून येते, मग निघू," आई म्हणाली. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, अंगणात कशाचीच सावली नव्हती. बाबांनी फाटक उघडलं, वर बघितलं आणि आईला म्हणाले, "आज तू हो पुढे."

आईनं का म्हणून विचारलं नाही. ती पुढे झाली. बाबा चार पावलं मागे, हात तसेच पाठीशी, नजर तिच्या पावलांवर. खांबापाशी ती टेकली, तेही थांबले.

मी बॅग आत नेली आणि आईच्या साड्या एकेक करून कपाटात परत लावल्या.

परत आल्यावर आईनं रिकामी बॅग बघितली, माझ्याकडे बघितलं, इथल्या तमिळ बायकांसारखं "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि कॉफी टाकायला आत गेली. बाबा दारातच उभे होते.

"बॅग आत नेलीस होय?"

"हो."

"बरं केलंस," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.