हौदाचं कुलूप

मागच्या वेळी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला अंगण दाखवत होते, तेव्हा तुमच्यापैकी एकानं विचारलं, "आजी, जमिनीतल्या त्या लोखंडी झाकणाला कुलूप कशाला? खाली तिजोरी आहे का?" मी पटकन जास्वंदीकडे फोन वळवला, कारण तुमची धाकटी आजी पलीकडच्या ओट्यावर भाजी निवडत बसली होती आणि या वयातही तिचे कान शाबूत आहेत. त्या प्रश्नाचं उत्तर आता लिहून देते. वाचून झाल्यावर तिला फोन करून काही विचारू नका.

झाकणाखाली हौद आहे. तुमच्या पणजोबांनी तो घर बांधतानाच अंगणाखाली बांधून घेतला, गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायला. आमच्या या भागात विहिरीचं काय, बोअरचं काय, पाणी खारं. त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. तुरीची डाळ कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाणा न् दाणा वेगळी राहते. नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही त्याच्या मर्जीनं. मी लग्न होऊन अमरावतीहून अकोल्यात आले तेव्हा पहिल्याच दिवशी बोअरच्या पाण्यात वरण लावलं आणि सगळ्यांच्या ताटात पिवळं पाणी आणि खाली खडे वाढले. सासूबाई म्हणाल्या, "कालेजात शिकोते म्हने. डाळ कोनत्या पान्यात शिजते ते नाई शिकवलं का तुले?" हौदाची ओळख मला अशी झाली.

हौद भरायचीही या घरात एक रीत आहे. पावसाळ्याचे सुरुवातीचे दोन महिने गच्चीवरून येणारं पाणी हौदात घेत नाहीत. खाली उतरणाऱ्या पाइपचं वळतं तोंड गटाराकडे फिरवलेलं असतं. मघा नक्षत्र लागायच्या आदल्या दिवशी घरातल्या बायका गच्ची खराट्यानं घासून, धुऊन काढतात, आणि मघा लागली की पाइपचं तोंड हौदाकडे वळवतात. मघाचं पाणी नासत नाही, असं सासूबाई मानत. मला नक्षत्राचं माहीत नाही; पण दोन महिन्यांच्या पावसानं हवेतली आणि गच्चीवरची धूळ धुऊन गेलेली असते, एवढं कारण मला पुरतं. हौदाच्या तोंडाशी वाळू, गिट्टी आणि कोळशाची पेटी मी बसवून घेतली. झाकणही मीच लोखंडी केलं. या घरात जे काही नीटनेटकं आहे ते माझ्यामुळे आहे, हे धाकटी आजीसुद्धा नाकारत नाही. फक्त ते ती कौतुकानं म्हणत नाही.

धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ, तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. बार्शीटाकळीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. भांडण नसलं की मला 'बाई' म्हणते, असलं की, मी कॉलेजात शिकवायचे म्हणून, 'मॅडम'. गेली कित्येक वर्षं मी मॅडमच आहे.

पणजोबांनी हयातीतच घराची वाटणी केली. मधून भिंत घातली, ती खाली अंगणापासून वर गच्चीपर्यंत. हौद आमच्या बाजूला आला, पण त्यात पाणी दोन्ही गच्च्यांचं येई, म्हणून अंगणातल्या भिंतीला एक दार ठेवलं. रोज सकाळी त्या दारातून तिनं घागर घेऊन यायचं आणि तिच्या स्वयंपाकापुरतं पाणी न्यायचं, असं ठरलं. आणि भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष तिच्याकडे. त्या ज्या घरी असतील तिथल्या पुरणासाठी हौदातली पहिली घागर थोरल्या सुनेनं, म्हणजे मी, भरून न्यायची. पणजी जाईपर्यंत हे सगळं सुरळीत चाललं, म्हणजे कुरबुर होती, पण पाणी स्वच्छ होतं.

मग तुमचे धाकटे आजोबा गेले आणि तिनं कबुतरांना दाणे टाकायला सुरुवात केली. त्यांच्या नावानं, रोज सकाळी गच्चीवर ओंजळभर ज्वारी. आधी चार-दोन कबुतरं येत. पुढे सगळ्या गल्लीची येऊ लागली, आणि मग मला वाटतं पार बाळापूर गावचीही. गच्ची पांढरी झाली. तिचं दुःख मी समजू शकते. कबुतरांची घाण पिण्याच्या पाण्यात मी समजू शकत नाही. आणि तुमच्या आजोबांना तोवर मुतखडा झाला होता. डॉक्टरांनी गोडं पाणी भरपूर प्या, खाऱ्याला हात लावू नका, असं बजावलं होतं. हौद आता नुसता डाळीसाठी राहिला नव्हता.

मी तिच्या दारात जाऊन व्यवस्थित सांगितलं, "दाणे टाकणं बंद कर. ती घाण हौदात उतरते."

"काहून बंद करू? मी माह्या घरची ज्वारी टाकते. तुमच्या ताटातली तर नाई उचलत."

"मग निदान कुठे तरी मैदानात जाऊन टाक."

"त्यायनं काय मैदानात जीव सोडला होता का, मॅडम?"

मी परत फिरले. मघा जवळ आली होती. मी प्लंबर बोलावला, तिच्या गच्चीवरून आमच्या हौदाकडे येणारा पाइप भिंतीपाशी कापून घेतला आणि आमच्या बाजूचं भोक सिमेंटनं बुजवलं. तिच्या गच्चीचं पाणी आता तिच्याच अंगणात पडणार होतं. ज्या हौदात तिचं पाणी नाही त्यातून तिनं घागर का न्यावी? मी मधल्या दाराला कडी घातली आणि झाकणाला कुलूप लावलं. तेच हे कुलूप.

आजोबा पेपरमागून म्हणाले, "तुमच्या दोघीच्या भांडनात खडा मले होऊन राहिला."

"तुमच्यासाठीच करतेय," मी म्हणाले. पेपर खाली आला नाही.

त्या वर्षी आमची गच्ची मी स्वतः उभं राहून धुऊन घेतली. मघा लागली, पाइप वळवला. आभाळ भरून आलं होतं. पलीकडे धाकटी आजीही खराटा चालवत होती, त्याचा आवाज येत होता. मला हसू आलं. कापलेल्या पाइपाखाली तिनं निळे प्लास्टिकचे ड्रम मांडले होते, वर पातळाची घडी बांधून. घासू दे म्हटलं, उद्या सकाळी कबुतरं येतीलच.

मग पाऊस लागला आणि थांबून थांबून पडत राहिला. माझे गुडघे पावसात जिना चढू देत नाहीत, म्हणून मी खाली बसून हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत होते. त्या आवाजासारखं समाधान नाही. पण उघडीप झाली की आमच्या झोपायच्या खोलीच्या डोक्यावर घुमण्याचा आवाज येऊ लागला. शेवटी मी कठडा धरत धरत वर गेले.

आमची गच्ची पांढरी होती. पाणी उतरायच्या भोकापाशी भिजलेल्या ज्वारीला मोड आले होते. आणि धाकटी आजी तिच्या स्वच्छ, घासलेल्या गच्चीवर उभी होती. मधल्या भिंतीच्या माथ्यावर ज्वारी पसरत होती, आणि एखादं कबुतर तिच्या बाजूला उतरलं की टाळ्या वाजवून आमच्याकडे हुसकत होती.

"हे काय चालवलंयस?"

"दाने टाकून राहिली."

"माझ्या गच्चीवर!"

"तुमच्या गच्चीवर कुठी? भितीवर टाकते. भीत दोघींची होय. माह्या अर्ध्या भितीवर टाकते."

"पाखरं माझ्याकडे बसतात ते दिसत नाही?"

"मंग त्यायले वाटनीचा कागद दाखवा ना. पाखरायले मराठी नसंल येत, तर तुमी इंग्रजीत समजावून सांगा."

आणि तिनं पुन्हा टाळी वाजवली. सगळी कबुतरं एकदम उडाली आणि माझ्याभोवती येऊन बसली.

मी खाली आले आणि हौदाचं झाकण उघडलं. वास आला. पेटीतल्या वाळू-कोळशानं काडीकचरा अडवला असेल, बाकी सगळं आत गेलं होतं. मी तुरटी फिरवली, औषध टाकलं, पाणी उकळून पाहिलं. उकळल्यावर तर वास घरभर झाला. त्यात लावलेलं वरण आजोबांनी एक घास खाऊन सोडलं आणि ताट पुढे सरकवलं.  मघा संपत आली होती. गच्ची पुन्हा धुतली तरी भिंतीवर ज्वारी रोज पडणार होती. हौद उपसायचा तर ते पाणी गल्लीच्या नालीतून, धाकट्या आजीच्या पायरीवरून वाहत गेलं असतं आणि सगळ्या गल्लीनं नाकाला पदर लावून पाहिलं असतं की मॅडमचा हौद नासला. मी झाकण लावलं, कुलूप घातलं आणि आरओच्या पाण्याच्या कॅन मागवायला सुरुवात केली. कॅन मागच्या दारानं येतात.

महालक्ष्म्या त्या वर्षी तिच्याकडे होत्या.

मी जरीचं पातळ नेसून गेले. भांडण असलं तरी महालक्ष्म्यांना जायचं असतं. मुखवटे बसले होते, दोन्ही घरच्या नणंदा, पुतण्या, गावाकडचे लोक जमले होते. सोळा भाज्यांचा ढीग पडला होता आणि चुलीवर पुरणाचं पातेलं नुसतंच ठेवलेलं होतं, डाळ न घालता. ती रिकामी, घासून लख्ख केलेली पितळी घागर घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत माझ्यापुढे ठेवली.

"भरा बाई. रीत तुमच्या हातची आहे."

किती तरी वर्षांनी ती मला बाई म्हणाली.  थोरल्या नणंदबाई म्हणाल्या, "जाय ना वं, भरून आन. डाळ थांबून राहिली."

मी त्या घागरीकडे पाहिलं. कुलूप उघडलं असतं तर अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं असतं. ते पाणी घागरीतून या घरात आणलं असतं तर वास माझ्याआधी आत आला असता. आणि देवीच्या पुरणात मी ते घालणार नव्हते, कुणावर कितीही राग असला तरी.

"तुझ्याकडे ड्रम भरून आहेत की," मी म्हणाले. "हौदाला आता तुझ्या गच्चीचं पाणी नाही. मग माझं पाणी तुझ्या चुलीवर कशाला?"

एका पुतणीनं तोंडाला हात लावला. नणंदबाई म्हणाल्या, "अवं, देवीले पानी नाई म्हंते? इतकी कशी तू?" मागून कुणी तरी 'चिंगूस' म्हटलं. मी ऐकलं. चिंगूस हा शब्द मी झेलू शकते. 'नासका' झेलता आला नसता.

 मग धाकट्या आजीनं घागर उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "राहू द्या. कुलपाची चाबी सापडून नाई राहिली त्यायले. होते असं." आणि ड्रममधून पाणी भरायला गेली. जाताना माझ्या जवळून गेली तेव्हा हळूच म्हणाली, "भितीपाशी वास येते, बाई. मले मालूम आहे."

त्या दिवशी पुरण मऊसूत झालं. मी दोन पोळ्या खाल्ल्या, कारण मी न खाल्ल्यानं तिला आणखी एक समाधान मिळालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मधल्या भिंतीवर, वर जिथे ज्वारी पडते तिथे नव्हे, खाली अंगणातल्या दाराशेजारी, झाकलेला तांब्या ठेवलेला असतो. पहिल्या दिवशी पलीकडून ओरडून सांगितलं होतं तिनं, "भाऊजीसाठी आहे. दुसऱ्या कोनासाठी नाई!" आजोबा तो तांब्या आणतात, पितात आणि रिकामा परत ठेवतात. त्यांना बरं आहे. मी कॅनचं पाणी पिते. कबुतरं अजून वर घुमतात. दाराची कडी मी काढलेली नाही, आणि तिनंही काढायला सांगितलेलं नाही.

तर कुलूप यासाठी. तिजोरी नाही. आत पाणीच आहे, आणि ते बाहेरच्या कुणाच्या नाकाला लागू नये म्हणून कुलूप आहे. पुढच्या मघाच्या आधी मी भिंतीच्या माथ्यावर काचा बसवणार आहे, माझ्या अर्ध्या भिंतीवर.

तुम्ही इथे याल तेव्हा झाकणाजवळ खेळू नका आणि धाकट्या आजीसमोर कुलपाचा विषय काढू नका. तिनं पाणी पुढे केलं तर घ्या. पाणी गोड आहे, अगदी मघाचं. फक्त तिच्याकडे प्यायलात हे घरी येऊन मला सांगू नका.