कापसाच्या खोलीतला कंप्युटर

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगूकडच्या गावांत कापूस घरात आला की माणसांनी सरकायचं. भाव चढेपर्यंत समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग लावायचा, अन् घरातल्या म्हाताऱ्यानं त्याच्या उतरत्या कडेवरच अंथरूण टाकून राखण करायची, ही आमची रीत. त्याच खोलीत खिडकीजवळ माझा कंप्युटर. मी त्यावर लग्नपत्रिका, अर्ज, मराठी शाळेचे पेपर टाईप करून देते. दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, तिथं चूल अन् फोडणीचा धूर. मग कंप्युटर ठेवू कुठं, माझ्या डोक्यावर?

गेल्या हिवाळ्यात तो आपोआप बंद पडायला लागला, म्हणून आदिलाबादला नेला. दुकानदारानं डबा उघडला अन् हसायलाच लागला. "मॅडम, ये कंप्यूटर है के गादी?" पंख्यात कापूस, मदरबोर्डावर कापूस, सगळीकडं कापूसच कापूस. बोर्डावर करंट धरून ठेवणारी बारकी नळकांडी असतात, त्यांची डोकी टम्म फुगलेली. त्यानं सांगितलं, कोरडी जागा, मोकळी हवा अन् एकसारखा करंट मिळाला तर बोर्ड वर्षानुवर्षं चालतो. पंखा असा गुदमरला की बोर्ड तापतो, अन् तापत राहिला की त्याचं आयुष्य आटतं. त्यानं साफसफाई करून दिली. आता किती चालेल, विचारलं तर म्हणाला, "चला तो बरसों, नहीं तो कल."

घरी येऊन सांगितलं, डबा तापतो, कापसात ठिणगी पडली तर? एकतर कापूस हलवा नाहीतर माझं टेबल. सासरे, म्हणजे मामाजी, खो खो हसले. "आमी कंदील लावून कापूस राखला याच खोलीत. तुहा डबा काय आग लावते वो?" नवराही हसला. असा संताप आला म्हणून सांगू! पण ऐकतो कोण. तेव्हापासून मी टाईप करता करता मधूनच डब्याला हात लावून पाहायची. तो तापला असला की बंद करून निवेपर्यंत थांबायची.

शेतातल्या पाण्याच्या मोटारींची लाईन आली-गेली की आमच्या घरातला दिवा मिचमिचतो. एका दुपारी तसंच झालं. मी शाळेचा पेपर करून राहिले होते, मामाजी ढिगाच्या कडेला घोरत पडलेले, डब्यापासून हातभर अंतरावर. दिवा मंदावला, मग एकदम पांढराफटक पेटला. फट्ट! डब्याच्या मागून ठिणग्या उडाल्या. माय वो! मी प्लग उपटला. थोडा धूर निघाला, घाण वास सुटला अन् थांबलं सगळं. जाळ कुठंच नव्हता.

खरी भीती तिथून सुरू झाली. कापसाची आग लगेच दिसत नाही. ठिणगी आत शिरली की आतल्या आत धुमसत राहते, अन् वारा लागला की भडकते. मी ढिगात हात खुपसले. इथं गार, तिथं गार. मामाजींच्या जवळ थोडं गरम लागलं. पण ती झोपलेल्या माणसाची ऊबही असू शकते ना!

"मामाजी, उठा."

"काऊन उपसून राह्यली वो कापूस?"

"ठिणगी उडाली. उठा न जी लवकर!"

"काई नाई झालं. झोपू दे मले." अन् त्यांनी कूस बदलली.

नवऱ्याला फोन केला, तो शेतातून म्हणतो, येतो. येतो म्हणजे कधी, राख झाल्यावर? आमच्यात सून सासऱ्याला हात लावत नाही. चहासुद्धा समोर ठेवून मागं सरकायचं. तरी मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं अन् ओढलं. ते ओरडले, "लाज आहे का?" मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले, "नाही! उठा!" अन् त्यांना ढिगावरून खाली खेचलं, अंगणापर्यंत नेलं.

परत येऊन त्यांच्या अंथरुणाखालचा कापूस उपसला. आत मुठीएवढं काळं भोक पडलं होतं. हवा लागताच त्याच्या कडा लाल झाल्या. मी भरलेली घागर त्यावर रिकामी केली, मग दुसरी केली, मग जे हाती लागलं ते पाणी ओतत सुटले. नवरा आला तेव्हा अर्धा कापूस भिजून अंगणात पडला होता अन् मी ढसाढसा रडत होते.

मामाजी भिंतीला टेकून बसले होते. सदऱ्याची पाठ करपून पिवळी पडलेली. मला वाटलं, आता शिव्या देतील. पण ते माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "मले वाटलं खिडकीतून ऊन आलं. पाठीले लय बरं वाटून राह्यलं होतं, म्हणून त उठत नव्हतो."